घासणी विणायची, पण कोणत्या दोऱ्याची?

प्रश्न : घरात उरलेल्या लोकरीच्या दहा घासण्या मी क्रोशाने विणून भिशीतल्या मैत्रिणींना दिल्या. पंधरा दिवसांतच त्या ताणून वेड्यावाकड्या झाल्या आणि त्यांना कुबट वास येऊ लागला, असे दोघींनी सांगितले. चूक माझ्या विणीची की लोकरीची? (एक वाचक, सांगली)

उत्तर : थोडी दोन्हींची, पण अधिक विणीची. स्वेटर, टोपी विणताना हात सैल ठेवायची सवय लागलेली असते. घासणीला मात्र वीण घट्ट हवी, कारण ओला आणि जड झालेला दोरा, त्यात आपण पिळतो तो वेगळाच, टाके ताणत राहतो. ज्या लोकरीला आपण एरवी ४ मिलिमीटरची सुई घेता, तिच्यासाठी इथे ३ किंवा ३.५ मिलिमीटरची घ्यावी आणि खांबांऐवजी मुके खांब, म्हणजे क्रोशाचे बुटके, घट्ट बसणारे टाके, घालावेत. उंच खांबांच्या मधल्या फटींत भाताची शिते जाऊन बसतात आणि वासाची सुरुवात बहुधा तिथूनच होते. शेवटच्या ओळीनंतर पंधरा साखळ्यांचा फास करून ठेवला, तर घासणी खिळ्याला टांगून वाळवता येते. ओट्याच्या कडेला ओली पडून राहिलेली घासणी कोणत्याही दोऱ्याची असली तरी वास मारणारच.

आता लोकरीविषयी. दुकानात लोकर म्हणून मिळणारा दोरा पुष्कळदा मेंढीच्या लोकरीचा नसून ॲक्रिलिकचा असतो. तो पाणी फारसे धरून ठेवत नाही, चटकन वाळतो, आणि चहाचे कप व काचेचे पेले साबणाशिवायही स्वच्छ करतो. जपानमध्ये अशा विणलेल्या घासण्या, म्हणजे त्यांच्या भाषेत ‘तावाशी’, याच गुणासाठी घरोघरी वापरल्या जातात. (खरी लोकर असेल, तर ती गरम पाण्याने आणि घासण्याने आक्रसून नमद्यासारखी होते, म्हणून ती नकोच.) तथापि ॲक्रिलिक हे अखेर प्लास्टिकच आहे. इंग्लंडमधील प्लिमथ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार, ६ किलो ॲक्रिलिकचे कपडे यंत्रात एकदा धुतले की सात लाखांहून अधिक सूक्ष्म तंतू पाण्यात जाऊ शकतात. ती मोजणी कपड्यांची होती, घासणीची नव्हे. परंतु आपण तर तो दोरा मुद्दाम, रोज, भांड्यावर रगडतो. त्यामुळे उरलेली लोकर संपवण्यापुरत्या घासण्या विणाव्यात, मात्र त्यासाठी नवीन गुंडे विकत आणू नयेत, असे माझे मत आहे. त्याऐवजी जाड सुती दोरा घ्यावा. दोन सुयांवर विणत असाल, तर सगळ्या ओळी सुलट घालाव्यात. त्याने दोन्ही बाजूंना आडवे उंचवटे येतात आणि घासण्याचे काम तेच उंचवटे करतात.

प्रश्न : कुकरच्या तळाशी लागलेली डाळ सुती घासणीने निघत नाही. सुतळीची विणलेली चालेल का? (एक वाचक, दापोली)

उत्तर : अवश्य चालेल. किराणा दुकानातील बारीक सुतळी आणि ५ मिलिमीटरची सुई घेऊन तळहाताएवढा गोल विणावा. सुतळी बोटांना काचते, म्हणून एका बैठकीत एकच घासणी पुरे. गिरणीत ताग कातण्यापूर्वी त्याला तेल लावतात, त्यामुळे सुतळीला विशिष्ट वास असतो. विणून झाल्यावर घासणी गरम पाण्यात साबण घालून भिजत ठेवावी आणि दोन-तीनदा खळखळून घ्यावी, म्हणजे वासही जातो आणि सुटे तूसही. ताग ओलाव्यात कुजतो. तो झिजून मऊ पडला की घासणी खतात टाकावी.

प्रश्न : विणलेल्या घासण्या उकळाव्यात का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : सुती असल्यास आठवड्यातून एकदा दहा मिनिटे उकळाव्यात. ॲक्रिलिकच्या उकळू नयेत, त्या लुळ्या पडतात. आणि त्यांनी गॅसवरचे गरम भांडे तर कधीच धरू नये, कारण आच लागताच दोरा वितळून हाताला चिकटतो. हळदीचे डाग उकळून जात नाहीत. साबण लागताच ते लाल होतात, पण कडक उन्हात दोन दिवस ठेवले की फिके पडतात. भेट देण्यासाठी विणत असाल, तर पांढरा दोरा टाळलेलाच बरा.