वाचकांचे प्रश्न : आधी पक्षी पाहावा, मग नाव शोधावे

प्रश्न : आमच्या बागेत रोज पक्षी येतात, पण मी खिडकीशी गेले की उडून जातात. जे दिसतात त्यांचे रंग पुस्तकातल्या चित्रांशी जुळत नाहीत, त्यामुळे नावे कळत नाहीत. सुरुवात कशी करावी? दुर्बीण घ्यावीच लागेल का?

उत्तर : तुमच्या दोन्ही अडचणींवर एकच उपाय आहे. रोज ठरावीक वेळी, एकाच जागी, पंधरा-वीस मिनिटे शांत बसावे. पक्षी माणसाच्या असण्यापेक्षा त्याच्या अचानक हालचालींना अधिक बिचकतात. तीच व्यक्ती त्याच खुर्चीवर रोज बसलेली दिसली की काही दिवसांत ते तिची दखल घेणे सोडून देतात. खिडकीतून पाहायचे असेल तर खोलीतला दिवा बंद ठेवून काचेपासून दोन-तीन हात मागे बसावे, म्हणजे तुमची हालचाल बाहेरून दिसत नाही. सूर्योदयानंतरचे पहिले दोन तास सर्वांत चांगले, कारण रात्रभर उपाशी राहिलेले पक्षी तेव्हा खाण्याच्या शोधात असतात.

आता नावांविषयी. बहुतेक जण रंगापासून सुरुवात करतात आणि रंगच सर्वाधिक फसवतो. जांभळ्या शिंजिराचा नर विणीच्या काळात निळ्या-जांभळ्या रंगाने झळाळत असतो. पण तो काळ सरला की त्याची पिसे गळतात, पाठ मातकट आणि पोट पिवळसर होते, आणि हनुवटीपासून पोटापर्यंत उतरणारी एक काळी पट्टी सोडली तर तो मादीसारखाच दिसू लागतो. पुस्तकात चित्र मात्र बहुधा झळाळणाऱ्या नराचेच असते. दयाळाचा नर काळा-पांढरा असतो, तर मादीच्या अंगावर त्या काळ्या रंगाच्या जागी राखाडी रंग असतो. म्हणून रंगाआधी इतर गोष्टी टिपाव्यात. पक्षी चिमणीएवढा आहे की साळुंकीएवढा, चोच जाड आहे की बारीक, शेपटी उभारलेली आहे की खाली, तो जमिनीवर टुणटुण उड्या मारतो की फांदीच्या टोकाशी लटकतो, आणि मुख्य म्हणजे तो करतो काय आहे, हे पाहावे.

हे मी अनुभवाने सांगतो आहे. एकदा एक शिंपी पक्षी माझ्या खिडकीच्या चौकटीच्या कोपऱ्यात पुन्हा पुन्हा येऊन चोच मारत होता. तो किडे टिपतो आहे असे मी गृहीत धरले, पण त्याच्या चोचीत किडा कधीच दिसेना. तिसऱ्या दिवशी उन्हाची तिरीप नेमकी त्या कोपऱ्यात पडली आणि चोचीच्या दोन्ही बाजूंना पांढरट पुंजका चमकला. ते कोळ्याचे जाळे होते. चोचीने पानांच्या कडांना भोके पाडून, त्यांतून जाळ्याचे आणि वनस्पतींचे तंतू ओवून हा पक्षी घरट्यासाठी पानांचा द्रोण शिवतो, आणि हे शिवणकाम मुख्यतः मादी करते. तेव्हा माझ्या खिडकीवर येत होती ती मादीच असावी. नाव मला पहिल्या दिवशीच ठाऊक होते, पण ती काय करत होती हे समजायला तीन दिवस लागले, आणि खरा आनंद त्या तिसऱ्या दिवसाचा होता.

दुर्बिणीवाचून अडत नाही. घ्यायचीच असेल तर ८×४२ मापाची घ्यावी. यातला ८ हा आकडा प्रतिमा किती पट मोठी दिसते ते सांगतो आणि ४२ हा पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास असतो. बागेसाठी मात्र ती दोन-अडीच मीटरवरचे स्पष्ट दाखवते का, हे डोळ्याला लावून तपासूनच घ्यावी. एक वही ठेवावी आणि तीत तारीख, वेळ व पक्ष्याची कृती लिहावी. जगभरातले लोक आपापल्या नोंदी एकत्र करतात असा ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ हा उपक्रम १९९८ पासून दर फेब्रुवारीत चार दिवस चालतो. त्यात किमान १५ मिनिटे पाहिलेले पक्षी मोजून कळवायचे असतात. नवख्या माणसालाही ते सहज जमते.

प्रश्न : बागेत धान्य ठेवतो, पण कबुतरांखेरीज कोणी फिरकत नाही. काय चुकते?

उत्तर : धान्यावर धान्य खाणारेच पक्षी येणार. दयाळ, शिंपी, नाचण हे मुख्यतः किड्यांवर जगतात. चिमण्यासुद्धा आपल्या लहान पिल्लांना प्रामुख्याने किडे आणि अळ्याच भरवतात. त्यामुळे कीटकनाशकाची फवारणी थांबवणे आणि झाडांखालचा पालापाचोळा थोडा तसाच राहू देणे, याचा उपयोग धान्याच्या ताटलीपेक्षा कितीतरी अधिक होतो. पाणी मात्र सर्वांनाच हवे असते. पसरट, खडबडीत तळाचे भांडे घ्यावे, पाणी एक-दोन इंचांहून खोल नसावे आणि मध्ये एक दगड ठेवावा. दाट झुडपाला अगदी खेटून भांडे ठेवल्यास मांजराला दबा धरायला जागा मिळते, म्हणून दोन-तीन मीटरचे अंतर राखावे. भांडे रोज घासून पाणी बदलावे; त्याने रोगराई टळते आणि डासांच्या अळ्यांनाही वाढायला वेळ मिळत नाही.

प्रश्न : एक दयाळ रोज खिडकीच्या काचेवर चोची मारतो. त्याला काय हवे असेल?

उत्तर : काचेत दिसणारे स्वतःचे प्रतिबिंब त्याला हद्दीत घुसलेला दुसरा नर वाटते. विणीचा काळ संपला की हे आपोआप थांबते. तोवर काच बाहेरच्या बाजूने कागदाने झाकावी. पक्षी उडत येऊन काचेवर आदळत असतील, तर बाहेरून पाच-पाच सेंटीमीटर अंतरावर ठिपके चिकटवावेत. एखादे मोठे चित्र लावून भागत नाही, कारण पक्षी त्याच्या बाजूच्या मोकळ्या जागेतून जाऊ पाहतात.

प्रश्न : बुलबुलाच्या घरट्यातले एक पिल्लू खाली आले आहे. त्याला घरात आणावे का?

उत्तर : घाई करू नये, आधी नीट पाहावे. अंगावर पिसे भरलेली आहेत, शेपटी आखूड आहे, पण पायांवर उभे राहून ते उड्या मारते आहे, असे असेल तर ते पडलेले नाही. बुलबुलाची पिल्ले नीट उडता येण्याआधीच घरटे सोडतात आणि आईबाप त्यांना खालीच भरवत राहतात. तुम्ही जवळ उभे असाल तर ते येणार नाहीत, म्हणून तासभर तरी लांबून लक्ष ठेवावे. पिल्लू उघडेबोडके किंवा डोळे मिटलेले असेल तर ते हलक्या हाताने घरट्यात परत ठेवावे. माणसाचा हात लागला की पक्षी पिल्लू टाकून देतात, हा समज खरा नाही. छायाचित्रासाठी घरट्यासमोरची पाने मात्र बाजूला सारू नयेत, कारण कावळ्याला घरटे त्याच फटीतून दिसते. घरात मांजर असेल, तर पिल्लू उडू लागेपर्यंत मांजराला आतच ठेवावे.