मुलं मोठी होताहेत. टीव्हीवरची आरती-कीर्तनं सगळ्यांनी एकत्र बघायचा आग्रह धरावा का?

तुम्ही लिहिलंय की सासूबाई रोज संध्याकाळी टीव्हीवर कीर्तन लावतात, धाकटी त्यांच्याजवळ बसते, पण चौदा वर्षांचा मुलगा उठून आत जातो. त्याला बळेच बसवावं का? माझ्या मते नको. रोजचं कीर्तन आजीचं राहू द्या. मुलासोबत मोजकंच बघा, पण बघताना भरपूर बोला.

आमच्याकडे ते मोजकं म्हणजे आषाढीची वारी. रिंगण दाखवतात तेव्हा दोन अश्व धावतात, एकावर स्वार असतो आणि दुसऱ्याची पाठ मोकळी. मुलं हमखास विचारतात, त्यावर कुणी का नाही? मग आजी सांगते, तो माउलींचा, त्यावर माउली स्वतः बसतात अशी वारकऱ्यांची श्रद्धा. हे अश्व बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून, शितोळे सरकार या सरदार घराण्याकडून येतात, हे मुलांचे बाबा सांगतात. एकादशीच्या पहाटे सह्याद्री वाहिनीवर महापूजा असते. मुख्यमंत्र्यांशेजारी उभं असलेलं साधं जोडपं कोण, हाही ठरलेला प्रश्न. दर्शनाच्या रांगेतले मानाचे वारकरी, त्यांना एसटीचा वर्षभराचा मोफत पास मिळतो, हे कळल्यावर माझ्या मुलाला महापूजेपेक्षा त्या दोघांचंच जास्त कौतुक वाटलं. वाटू द्यावं की!

खरा कस लागतो तो अवघड प्रश्नांना. २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने १९८७ सालची ‘रामायण’ मालिका पुन्हा दाखवली, तेव्हा आम्ही सगळे नऊच्या ठोक्याला बसायचो. माझी लेक तेव्हा सातवीत होती. अग्निपरीक्षा आली आणि तिने विचारलं, “परीक्षा फक्त सीतेचीच का?” खरी सीता आधीच अग्नीच्या स्वाधीन होती, आता ती परत घ्यायची आहे, असा खुलासा मालिकेत राम लक्ष्मणाला करतो. लेकीला तो पटला नाही. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, रोज पोथी वाचणाऱ्या. मला वाटलं, आता रागावतील. त्या म्हणाल्या, “मलाही ते कधी पटलं नाही गं. पण राम सोडवतही नाही.” त्या रात्री दोघी उशिरापर्यंत बोलत होत्या. देवाबद्दल आजीलाही प्रश्न पडतात आणि ते मोठ्याने विचारता येतात, हे लेकीला त्या दिवशी कळलं. मालिका नुसती गप्प बसून पाहिली असती तर हे झालंच नसतं.

एक गोष्ट मात्र कडकपणे सांभाळा. काही वाहिन्यांवर भजनं संपली की यंत्रं, कवचं, नशीब पालटणारे खडे विकायला येतात. ते लागलं की बंद करा आणि का बंद केलं तेही सांगा. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने हनुमान चालिसा यंत्राच्या प्रकरणात निकाल दिला की अशा वस्तूंमध्ये दैवी शक्ती असल्याचा दावा करणाऱ्या जाहिराती २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार बेकायदा आहेत. चौदा वर्षांच्या मुलाला हे नीट समजतं. उलट, श्रद्धा आणि तिच्या नावावर चाललेली विक्री घरातली मोठी माणसं वेगळी ओळखतात, हे दिसलं की त्याचा घरच्या देवावरचा विश्वास टिकतो.

सासूबाईंना वाईट वाटेल म्हणून तुम्ही मुलाला थांबवत असाल, तर त्यांच्याशी मुलासमोर नको, एकट्यात बोला. “आई, तो उठून गेला तरी तुमच्यावर रुसलेला नसतो. तुम्ही पहिल्यांदा पंढरपूरला गेलात ते त्याला सांगा ना,” एवढंच म्हणून बघा. त्या वारीला गेल्या नसतील तर गावच्या जत्रेचं विचारा. आजी स्वतः सांगायला लागली की मुलगा बसतो, टीव्ही चालू असो वा नसो.