पेटी, कीबोर्ड आणि जावईबापूंचं चर्च

प्रश्न : जय ख्रिस्त. आमच्या गावच्या मंडळीत पेटी, ढोलकी, झांज आणि ‘उपासना संगीत’ हे गीतांचं पुस्तक. जावईबापू यवतमाळात ज्या सभेला जातात तिथं कीबोर्ड, ड्रम, पडद्यावर हिंदी शब्द अन् एकच ओळ धा-धा वेळा. ते म्हणतात, तुमचं गाणं थंड. आमचे वडीलधारे म्हणतात, त्यांचं गाणं ख्रिस्तीच नाही. नाताळाच्या फेरीत दोघं एकत्र गाणार आहोत. खरं कोणाचं?
— एक वाचक, दारव्हा तालुका

उत्तर : भाऊ, खरं दोघांचंही. पण भांडायचंच असेल तर माहिती घेऊन भांडा.

तुमच्या वडीलधाऱ्यांना जे जुनं वाटते ते एके काळी फार नवं होतं. १८४५ च्या सुमारास मिशनरी स्टीफन हिस्लॉप नागपुरात आले, ते स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे. त्या चर्चमध्ये तेव्हा स्तोत्रसंहितेची छंदोबद्ध स्तोत्रं म्हणत, तीही वाद्याशिवाय. एक जण ओळ सांगणार, बाकीचे मागून. ऑर्गनला त्यांनी परवानगी दिली १८८३ साली, अन् तीही बऱ्याच वादानंतर. म्हणजे तुमची पेटी त्यांना चालली नसती.

यवतमाळाकडं तर आणखी गंमत. तिथं काम उभं करणारी फ्री मेथडिस्ट मंडळी १८६० ला न्यूयॉर्क राज्यात निघाली. तिकडच्या बड्या चर्चमध्ये बाकांचं भाडं घेत अन् गायला पगारी गायक ठेवत. गरीब माणूस मागं गप्प उभा. या लोकांनी बाकं फुकट केली आणि वाद्यं व गायकवृंद दोन्ही बंद केले, सगळ्यांनी स्वतः गावं म्हणून. मला हे फार आवडते. गाणार कोण, हे आधी ठरते. चाल त्याच्या मागून येते.

१८७३ मध्ये अमेरिकेचे प्रचारक मूडी आणि त्यांचे गायक सोबती सँकी ब्रिटनमध्ये सभा घेत फिरले, तेव्हा समोर चर्चची पायरी न चढलेली माणसंही होती. त्यांना लांबलचक कडवी कशी येणार? म्हणून सोपं ध्रुपद, दुसऱ्या खेपेला सगळ्यांच्या तोंडी.

आपल्याकडं अडचण वेगळी होती. विलायती चालीवर बसवलेले मराठी शब्द वावरातल्या बाईच्या गळ्यात बसेनात. अहमदनगरकडं कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. मग कवी ना. वा. टिळक. हा माणूस नागपुरात अप्पासाहेब बुटी या धनिकांकडं कामाला होता. १८९५ ला बाप्तिस्मा घेतला आणि अभंग-ओवीत ख्रिस्त गायला. वारकऱ्यांच्या शेजारी वाढलेल्या कानाला ते शिकवावं लागलं नाही. तुमची झांज आली ती त्याच वाटेनं.

आता जावईबापू. त्यांची सभा पेंटेकॉस्टल वळणाची दिसते. त्या चळवळीची सुरुवात १९०६ च्या लॉस एंजेलिसमधल्या अझुसा स्ट्रीटपासून सांगतात, पण त्याच्या आदल्याच साली केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनात मुली एकाच वेळी मोठ्यानं प्रार्थना करत, रडत, गात होत्या. तेव्हा ‘हे बाहेरचं खूळ’ असं म्हणू नका. पवित्र आत्मा आत्ता, इथं येतो असं ज्यांना वाटते, ते ओळ घाईनं संपवत नाहीत. अन् ओळ घोळवण्याला आपण कधीपासून नावं ठेवायला लागलो? नामघोष काय असते मग?

माझी तक्रार दुसरीच आहे. पडद्यावरच्या गाण्यांत गोष्ट उरत नाही. टिळकांचं पद म्हटलं की पोराला चार कडव्यांत काहीतरी कळते. इथं नुसतं ‘तू महान’. शिवाय लाईट गेली की शब्दही गेले. आमच्याकडच्या पोरांना एकही गाणं तोंडपाठ नाही, हे मी दर रविवारी पाहतो.

फेरीचं म्हणाल तर अभंग धुमाळीवर घ्या, जावईबापूंची हिंदी ओळ त्याच ठेक्यात ध्रुपदासारखी लावा; बसते. सूर पेटीच्या पांढरी चार पट्टीच्या वर नेऊ नका, बायांचे गळे फाटतात. कीबोर्ड घरी ठेवा. गल्लीबोळात वायर कुठवर ओढणार?