लहानपणी मार खाल्लाय म्हणून लढाईचा परिणाम खोटा ठरत नाही

ताई, तुमचे मिस्टर फटाक्यांना दचकतात, रात्री उठून कड्या तपासतात आणि लहानपणी वडिलांनी त्यांना पट्ट्याने बडवलंय. ‘हे कारगिलमुळे की बालपणामुळे?’ हा तुमचा प्रश्न आमच्याही घरात वर्षानुवर्षं होता. मी डॉक्टर नाही, वकीलही नाही, पण माझं मत विचाराल तर त्यातला ‘की’ काढा.

व्हिएतनाममध्ये लढलेल्या अमेरिकन सैनिकांवरचा 1993 चा एक अभ्यास आहे. पीटीएसडी (भयंकर अनुभवानंतर मनावर राहणाऱ्या आघाताचा आजार) असलेल्यांपैकी 26 टक्क्यांना लहानपणी मारहाण झाली होती, नसलेल्यांपैकी 7 टक्क्यांना. कोणी किती लढाई पाहिली हे जमेस धरूनही फरक उरला. पण उलटं वाचा: आजार असलेल्या चारांतल्या जवळपास तिघांना तसा मार पडलाच नव्हता! हे मात्र सोयीस्कर विसरलं जातं.

आमचं खरं नुकसान एका कार्यालयाने केलं, नाव घेत नाही. ह्यांनी डॉक्टरांना विश्वासाने बापाच्या दारूचं सांगितलं. ते कागदावर गेलं आणि पेन्शनच्या वेळी शेरा आला: कारण घरगुती, नोकरीशी संबंध नाही. कारगिल युद्धात ते द्रासला लढले, त्याबद्दल एक ओळ नाही! अहो, भरतीच्या वेळी तुम्हीच तपासून ‘फिट’ म्हणून घेतलंत ना? सुप्रीम कोर्टाने 2013 च्या धरमवीर सिंग निकालात हेच धरलं. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर माणूस निरोगी आला असं मानायचं; संबंध नाही हे दाखवायचं ओझं सरकारवर. शिवाय आजार नोकरीत ‘बळावला’ तरी अपंगत्व पेन्शनचा दावा करता येतो. बालपणाचा मुद्दा कोणी तोंडावर फेकला, तर ह्याच शब्दावर अडून बसा.

अपंगत्व तपासणाऱ्या लष्करी डॉक्टरांच्या मंडळाच्या, म्हणजे मेडिकल बोर्डाच्या, कागदांची प्रत मागा. मानसिक आजारात कमांडिंग ऑफिसरचा अहवाल असतो, एएफएमएसएफ-10. त्यात काय लिहिलंय ते आधी वाचा. अपील फेटाळलं तर मुंबईत सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं खंडपीठ आहे. अपंगत्व पेन्शनचे नियम 2023 मध्ये बदललेत, तेव्हा निवृत्तीची तारीख वकिलाला पहिल्यांदा सांगा.

एवढं होऊनही सांगते, उपचार करणाऱ्या डॉक्टरांपासून बालपण लपवू नका. ह्यांना बापाचं बोलता आलं, त्यानंतरच द्रासचं बोलता आलं. प्रत्येकाचं असंच होईल असं नाही.

अवांतर: कँटीनच्या रमचा कोटा घरी आणणं आम्ही बंद केलं. झोप लागावी म्हणून घेतात, पण पहाटेची झोप तीच मोडते. भांडणं झाली, चिक्कार झाली.