टोकनचं मत आणि नोडचा नकार

एखाद्या क्रिप्टो नेटवर्कमध्ये प्रत्येक टोकनधारकाला (त्याचं नाणं बाळगणाऱ्याला) मत आहे, म्हणजे ते नेटवर्क स्वतःचा कारभार स्वतः करतं असं म्हणायचं का, असं तुम्ही विचारलंय. बरीच वर्षं स्वतःचा नोड, म्हणजे नेटवर्कचे नियम आणि व्यवहार तपासणारा कॉम्प्युटर, चालवतोय, त्यावरून सांगतो: नुसत्या मतदानावर जाऊ नका. पटलं नाही तर नकार देता येतो का, ते आधी बघा.

स्टीम या ब्लॉकचेनवर, म्हणजे नोंदींचे ब्लॉक एकामागे एक जोडलेल्या साखळीवर, काय झालं ते बघा. फेब्रुवारी २०२० मध्ये ट्रॉन या दुसऱ्या नेटवर्कचे संस्थापक जस्टिन सन यांनी स्टीममागची स्टीमइट कंपनी विकत घेतली. कंपनीकडे सुरुवातीपासूनचा टोकनांचा मोठा साठा होता. तो मतदानात उतरेल या भीतीने विटनेसनी, म्हणजे ब्लॉक बनवायला निवडून दिलेल्या लोकांनी, तो गोठवला. मार्चच्या सुरुवातीला काही मोठ्या एक्सचेंजनी, म्हणजे टोकनांची खरेदी-विक्री करून देणाऱ्या कंपन्यांनी, ग्राहकांनी ठेवलेल्या टोकनांच्या जोरावर मतं टाकली आणि वरचे वीसच्या वीस विटनेस पडले. टोकन ग्राहकांचे, मत एक्सचेंजचं! मला आजही याचा राग येतो. नेटवर्कचा नियम मात्र एकही मोडला नव्हता. शेवटी २० मार्चला समुदायाने तो साठा वगळून हाइव्ह ही वेगळी साखळी सुरू केली.

बिटकॉइनमध्ये टोकनचं मतदानच नाही. मे २०१७ मध्ये बिटकॉइनचे नियम बदलण्याचा, त्यात ब्लॉक मोठा करण्याचाही, न्यूयॉर्क करार झाला. मोठ्या कंपन्या आणि ८० टक्क्यांहून जास्त हॅश पॉवर, म्हणजे ब्लॉक बनवणाऱ्या मायनरची संगणकीय ताकद, त्याच्या बाजूने होती. तरी ब्लॉक मोठा करण्याचा भाग नोव्हेंबरमध्ये मागे घ्यावा लागला, कारण नोड चालवणाऱ्या पुष्कळांनी तो स्वीकारलाच नाही. मायनरने कितीही वीज जाळू दे, नियमाबाहेरचा ब्लॉक माझा नोड घेत नाही.

वेगळं होणं स्वस्त नसतं, हेही खरं. २०१६ मध्ये इथेरियम नेटवर्कवरच्या द डाओ या सामायिक गुंतवणूक निधीतून सुमारे ३६ लाख ईथर (इथेरियमचं नाणं) हल्लेखोराने काढल्यावर इथेरियमने फोर्क करून, म्हणजे नियम बदलून साखळीला नवा फाटा फोडून, ते परत मिळवले. ज्यांना हे पटलं नाही त्यांनी जुनी साखळी इथेरियम क्लासिक म्हणून चालू ठेवली, पण बहुतेक डेव्हलपर आणि वापरकर्ते तिकडे गेले नाहीत.

तेव्हा तुमच्या नेटवर्कचा नोड साध्या कॉम्प्युटरवर चालतो का, ते पाहा. टोकन एक्सचेंजवर असतील तर स्वतःच्या वॉलेटमध्ये, म्हणजे ज्याची चावी फक्त तुमच्याकडे आहे तिथे, आणा. कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे पैसे सांभाळणारा नेटवर्कवरचा प्रोग्राम, बदलण्याची चावी किती जणांकडे आहे आणि बदल लागू होण्याआधी टाइमलॉक, म्हणजे सक्तीची थांबण्याची मुदत, किती आहे, तेही शोधा. मग तेवढ्या वेळात आपले पैसे बाहेर काढता येतात का, हे थोड्या रकमेवर स्वतः करून बघा.