एसीच्या पाण्याचा ओघळ आणि ‘कोण बघणार?’

तुमचा प्रश्न: ‘व्हिडिओ गेममधले सहज नजरेतून सुटणारे तुमचे आवडते बारकावे कोणते? मी सध्या रेड डेड रिडेम्पशन २ खेळतोय. असे बारकावे शोधत बसावं, की सरळ गोष्ट पुढे न्यावी?’

थंडीत रेड डेडच्या घोड्याचं काय आकसतं, हे उत्तर तुम्हाला इथे बरेच जण देतील. ते खरं आहे, पण २०१८ पासून इतक्यांनी सांगून झालंय की आता ते नजरेतून सुटणारं राहिलेलं नाही. लपवलेल्या गमतीजमतीही, म्हणजे ईस्टर एग, मी यात धरत नाही. जीटीए मालिकेतल्या सॅन अँड्रियासमध्ये पुलाच्या टोकावर चढलात की ‘इथे वर ईस्टर एग नाहीत, निघा’ अशी पाटी दिसते. मजा येते, पण ती बनवणाऱ्याने खेळणाऱ्याला केलेली थट्टा झाली. बारकाव्यामागे कारण लागतं. तुम्ही तिकडे मान वळवली नाहीत तरी ते आपलं आपण घडत असलं पाहिजे.

मेटल गिअर सॉलिड २ घ्या, २००१ चा. सुरुवातीच्या जहाजावर लाउंजमध्ये बर्फाचं भांडं आहे. त्यावर गोळी झाडली की खडे बाहेर सांडतात आणि हळूहळू वितळतात. गोष्टीशी त्याचा काडीचा संबंध नाही, पण बर्फ आहे म्हणजे तो वितळणार. सुपर मारिओ ६४ मध्ये तर कॅमेऱ्यालाही धनी आहे. ढगावर बसून गळाला कॅमेरा लावलेला लाकिटू तुमच्या मागे उडत असतो, आणि किल्ल्याच्या वरच्या मजल्यावर आरशाच्या खोलीत गेलात की मारिओच्या मागे त्याचंही प्रतिबिंब दिसतं. १९९६ साली, थ्रीडी गेम नुकते चालायला शिकत असताना, कुणीतरी विचारलं की हे सगळं बघतंय कोण, आणि त्याचं उत्तर आरशात ठेवलं. माझ्या यादीत हा पहिला.

आता हा प्रश्न मला का लागला ते सांगते. मी एन्व्हायर्नमेंट आर्टिस्ट आहे. गेममधल्या भिंती, फुटपाथ, गटाराची झाकणं हे माझं काम. काही वर्षांपूर्वी वागळे इस्टेटमधल्या एका स्टुडिओत होते. फोनवरचा पळापळीचा गेम होता, आणि मला भारतीय शहरातली गल्ली करायला दिली होती. संदर्भ म्हणून मिळालेल्या फोटोंत गाय, रिक्षा, झेंडूच्या माळा आणि गुलाबी रंगाच्या भिंती होत्या. ठाण्यात जन्म गेलेल्या माणसाला ती गल्ली ओळखीची वाटेना. म्हणून मी ऐन मे महिन्यात वर्तकनगरमध्ये म्हाडाच्या जुन्या इमारतींचे फोटो काढत फिरले.

आपल्याकडच्या इमारतीची भिंत नीट बघितलीत तर ती सगळं सांगते. छज्ज्याच्या खाली पावसाळ्यात चढलेलं शेवाळ उन्हात वाळून काळं होतं आणि पुढच्या जूनपर्यंत तसंच राहतं. खिडकीच्या ग्रिलचा बोल्ट जिथे भिंतीत शिरतो, बरोबर तिथूनच गंजाची तपकिरी रेघ खाली उतरते, एक इंच इकडे नाही की तिकडे नाही. एसीच्या पाण्याची नळी जिथे अर्धवट सोडलेली असते, तिथून खाली वीतभर रुंदीचा हिरवागार पट्टा असतो. बाकीची भिंत मे महिन्यात कोरडी ठणठणीत, आणि हा पट्टा मात्र ओला, कारण एसी तेव्हाच सर्वात जास्त चालतात. म्हणजे कोरड्या भिंतीवर हिरवा पट्टा दिसला की न सांगता कळतं, उन्हाळा आहे आणि वर कुणीतरी दार लावून गारव्यात झोपलंय.

मी तो पट्टा केला. आणि फुकटात केला. आमच्या टेक्स्चर ॲटलासमध्ये, म्हणजे सगळ्या पृष्ठभागांची चित्रं एकत्र ठेवलेल्या मोठ्या चित्रात, एक कोपरा रिकामा होता. डाग असलेला भिंतीचा एक जादा तुकडा तिथे बसवला. मटेरियल तेच, त्यामुळे ड्रॉ कॉल, म्हणजे फोनला चित्र काढायला सांगणारा हुकूम, वाढला नाही. भिंतीवर वरून चिकटवलेलं पारदर्शक चित्र, म्हणजे डीकॅलही नव्हता, म्हणजे तोही भार नाही. आमच्या लीडने, म्हणजे टीमच्या प्रमुखाने, रिव्ह्यूमध्ये स्क्रीन थांबवून विचारलं, ‘हे कोण बघणार? प्लेअर धावतोय.’ मी ॲटलासचं सांगितलं, तर म्हणाला, ‘मेमरीचा प्रश्न नाही, फोकसचा आहे.’ त्याआधी आठवडाभर प्रत्येक गोष्टीला तो मेमरीचंच कारण देत होता.

त्या दिवशी मी बिल्ड, म्हणजे गेमची तोवरची चालती आवृत्ती, फोनवर घालून घरी नेला. माझी आई गेम खेळत नाही, फोनवर भजनं आणि पंचांग बघते. मी तिच्या हातात फोन दिला आणि गल्ली दाखवली. तिने चष्मा सारखा केला, एका जागी बोट ठेवलं आणि म्हणाली, ‘अगं, ह्यांच्या एसीचं पाणी सगळं खालच्यांच्या भिंतीवर येतंय की. सोसायटीत सांगत नाही का कुणी?’ एसी आम्ही बनवलाच नव्हता. तो चौकटीच्या वर, कुणालाच दिसणार नव्हता. आईने भिंतीवरून ओळखला, आणि लगेच खालच्या मजल्यावरच्या माणसांची बाजूही घेतली, जी माणसं गेममध्ये नव्हतीच.

दुसऱ्या दिवशी मी हे लीडला सांगितलं. तो म्हणाला, ‘तुझी आई आपली टार्गेट ऑडियन्स नाही.’ गेम आला तेव्हा भिंत गुलाबी होती.

मेमरीचं म्हणाल, तर पहिल्या सुपर मारिओची अख्खी कार्ट्रिज ४० किलोबाइटची होती, १९८५ सालची. त्यातले ढग आणि झुडपं म्हणजे एकच चित्र आहे. हिरवं केलं की झुडूप, पांढरं केलं की ढग. जागा कमी होती म्हणून त्यांनी झुडपं काढून टाकली नाहीत.

आणि फोकसचं म्हणाल, तर जीटीएचा चंद्र बघा. सायबर कॅफेत व्हाइस सिटी खेळलेल्या आमच्या पिढीतल्या काहींना हे ठाऊक असेल: स्नायपर रायफलने चंद्रावर गोळी मारली की त्याचा आकार बदलतो. जीटीए ३, व्हाइस सिटी आणि सॅन अँड्रियास, तिन्हींत. जीटीए बनवणाऱ्या रॉकस्टार नॉर्थचे तेव्हाचे टेक्निकल डायरेक्टर ऑबे व्हर्मेइ यांनी बऱ्याच वर्षांनी त्यामागचं कारण सांगितलं. जीटीए ३ च्या वेळी चार आर्टिस्ट त्यांच्याकडे आले. दोघांना चंद्र लहान, खराखुरा हवा होता आणि दोघांना मोठा, सिनेमातल्यासारखा. ते तेव्हा स्नायपरवरच काम करत होते, म्हणून त्यांनी गोळी मारली की लहान, मध्यम, मोठा अशी सोय करून दिली: ठरवा आणि मला सांगा. कुणी परत आलंच नाही, आणि चंद्र तसाच राहिला. आर्टिस्टमध्ये वाद झाला तर असाही सोडवता येतो. सरसकट गुलाबी रंग मारावा लागत नाही.

लीडची बाजूही थोडी खरी आहे, तीही लिहिते. स्वस्त फोन गरम होतात, तारखा पाळाव्या लागतात, आणि पळापळीच्या गेममध्ये डोळा समोरच्या अडथळ्यावरच असतो. आणि रेड डेड २ आला तेव्हा तिथल्या जादा तासांच्या कामाबद्दलही भरपूर छापून आलं होतं. बारकाव्यासाठी कुणाच्या रात्री जाळाव्यात असं माझं म्हणणं नाही. माझा पट्टा एका दुपारचं काम होता.

तुमच्यापुरतं सांगायचं तर शोधत बसू नका, नुसते सावकाश चाला. पावसाचिखलातून फिरून आलात की बंदूक काढून बघा, ती मळलेली असेल. गेमचा नायक आर्थर, त्याची दाढी केली नाहीत तर ती वाढत राहते. एखादं हरीण मारून तिथेच सोडा आणि गेममधले काही दिवस गेल्यावर त्याच जागी परत जा, कुजायला लागलेलं सापडेल. गोष्ट कुठे पळून जात नाही.

आणि तुम्ही स्वतः किंवा घरातलं कुणी या धंद्यात येणार असेल, तर ‘हे कोण बघणार’ म्हणणाऱ्या लीडशी तत्त्वावरून भांडू नका. ॲटलास उघडा, रिकामा कोपरा दाखवा आणि भार किती वाढतो ते आकड्यात विचारा. तेवढ्यानेही ऐकलं नाही, तर ती फाइल जपून ठेवा. मी माझी ठेवली आहे. पुढच्या नोकरीत मुलाखतीला मी तीच भिंत उघडून दाखवली होती आणि समोरच्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला, ‘वर एसी आहे का?’