'नवीन पावती' की 'नविन पावती'?

वणी तालुक्यातील एका शेतकरी उत्पादक कंपनीचा हिशेब पाहणाऱ्या ताईंनी प्रश्न विचारला आहे. कापूस आणि तूर खरेदीसाठी कंपनी मराठी सॉफ्टवेअर करून घेत आहे आणि त्याची माहितीपुस्तिका लिहिण्याचे काम ताईंकडे आले आहे. स्क्रीनवर 'नविन पावती' असे आहे, पुस्तिकेत त्यांनी 'नवीन पावती' लिहिले. स्क्रीनवर 'फाईल' आहे, पुस्तिकेत मात्र कुठे 'फाइल' तर कुठे 'फाइलीत' झाले. यांतले शुद्ध कोणते, आणि सगळीकडे एकच ठेवायचे तर कोणते धरावे, असे त्या विचारतात.

ताई, पहिल्या शब्दाचे उत्तर सरळ आहे. 'नवीन' हा संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द आहे आणि त्यातील 'वी' दीर्घच आहे, तेव्हा स्क्रीन दुरुस्त करून घ्या. तिच्याशी जुळावे म्हणून पुस्तिकेत चूक उतरवू नका.

'फाईल'चे तसे नाही. मराठी साहित्य महामंडळाने लेखनाचे चौदा नियम १९६२ साली केले आणि १९७२ साली त्यांत आणखी चारांची भर घातली. शब्दाचे शेवटचे अक्षर अकारान्त असेल तर त्याच्या आधीचा इकार किंवा उकार दीर्घ लिहावा, असा त्यांतला एक नियम आहे. संस्कृत शब्दांना तो लागू नाही, पण मराठी शब्दांना आहे, म्हणून आपण 'पीक', 'तूर', 'माहीत' असे लिहितो. इंग्रजीतून आलेल्या शब्दांनाही तो लावणारे 'फाईल' लिहितात, उच्चाराकडे पाहणारे 'फाइल' लिहितात, आणि दोन्ही रूपे जाणत्या माणसांच्या लेखनात सापडतात. मी स्वतः 'फाईल' लिहितो, कारण घरात रुळलेल्या शब्दाला घरचेच नियम लावावेत, असे माझे मत आहे. आपण 'फाइल' धरली तरी माझी हरकत नाही. मात्र जे ठरवाल तेच 'मोबाईल' आणि 'ऑनलाईन' यांनाही लावावे लागेल, कारण 'फाईल' दीर्घ आणि 'मोबाइल' ऱ्हस्व असे एकाच स्क्रीनवर शोभत नाही.

आता 'फाइलीत'. 'फाईल' दीर्घ ठरवूनही हे रूप चूक नाही, कारण शब्दाला प्रत्यय लागला की आधीचा दीर्घ इकार-उकार बहुधा ऱ्हस्व होतो. 'तूर' पण 'तुरीचा भाव', 'पीक' पण 'पिकाची नोंद', 'चूल' पण 'चुलीवर', तशी 'फाईल' पण 'फाइलीत'. मराठीत एकसारखेपणा नियमाचा असतो, अक्षराचा नव्हे. हे ध्यानात न घेता संगणकाला 'सगळे तु बदलून तू कर' असे सांगितले, तर 'तूर' सुधारते आणि पुस्तिकाभर 'तूरीचा' होऊन बसते.

तरीही स्क्रीनवरचा शब्द हे त्या बटणाचे नाव असते. पुस्तिका मांडीवर ठेवून स्क्रीनवर बोट फिरवणारा माणूस पुष्कळदा शब्द वाचत नाही, त्याचा आकार जुळवत असतो, आणि त्याला 'फाइलीत जा' असे सांगितले तर 'फाइलीत' नावाचे काही सापडत नाही. म्हणून नाव अवतरणचिन्हांत जसेच्या तसे ठेवावे आणि प्रत्यय पुढच्या शब्दाला द्यावा. "'फाईल' या मेन्यूत जा", "'नवीन पावती' हे बटण दाबा", "'तूर' ही ओळ निवडा" असे लिहिले की व्याकरणही सांभाळले जाते आणि शोधणाऱ्याची वाटही चुकत नाही.

यात शुद्धलेखनापलीकडचे नुकसानही आहे. एका गोदामात मालाच्या यादीत 'तूर' आणि 'तुर' अशी दोन्ही नावे मी पाहिली आहेत. आवक घेणारी मुले हाताला येईल ते निवडत गेली आणि हंगामाच्या शेवटी तुरीची बेरीज दोन ओळींत आली. माणसाला तो एकच माल दिसतो, यंत्राला दोन. आपल्या यादीत असे जुळे असेल, तर एक नाव पुसण्याआधी त्याखालच्या सगळ्या नोंदी दुसऱ्या नावाखाली हलवून घ्याव्यात, नाहीतर पावत्या निराधार होतील.

काही फरक तर डोळ्यांनाही दिसत नाहीत. 'ॲप'मधला 'ॲ' हे एकसंध अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरे साठवण्याच्या जागतिक संकेतात, २००८ साली आले. त्याआधीपासून बरेच जण 'अ' टंकून त्यावर चंद्र देतात. दोन्ही सारखेच दिसतात, पण एकाने शोधले तर दुसरे सापडेलच असे नाही. तसेच 'शेतकऱ्याचे नाव' यातल्या 'ऱ्या'चे आहे. कोणी तो 'ऱ' या स्वतंत्र अक्षराने टंकतो, कोणी साध्या 'र'ला पाय मोडून मध्ये न दिसणारे जोडचिन्ह घालतो, आणि ते चिन्ह घालायचे राहून गेले की 'शेतकर्याचे' उमटते, जे सरळ चूक आहे. 'आचार्यांना' बोलावले आणि 'आचाऱ्यांना' बोलावले यांत जेवढे अंतर, तेवढेच अंतर या दोन खुणांत आहे. म्हणून सर्वांनी एकाच कीबोर्डवर, एकाच पद्धतीने टंकावे.

आपल्या पत्राच्या शेवटी आणखी एक विचारले आहे, की विकलेल्या मालाचे पैसे चुकते करण्याला स्क्रीनवर 'देयक' आणि पुस्तिकेत 'चुकारा' म्हटले आहे, तर काय ठेवावे. कापूस विकणारा आपल्याकडे 'चुकारा झाला का?' असेच विचारतो, तेव्हा दोन्हीकडे 'चुकारा' ठेवा. अनेकवचन 'चुकारे', आणि प्रत्यय लागला की 'चुकाऱ्याची रक्कम'; तिथला 'ऱ्या' 'शेतकऱ्या'तल्यासारखाच टंकलेला आहे ना, तेवढे पाहून घ्या.